पार्कूर करताना दुखापत कशी टाळावी, आणि झालीच तर काय करावं

पार्कूर, म्हणजे वाटेतल्या भिंती, कठडे, रेलिंग धावत, उड्या मारत पार करण्याचा सराव, म्हटलं की डोळ्यांसमोर गच्चीवरून गच्चीवर घेतलेली झेप येते. मी नवख्यांना शिकवते, आणि माझ्यासमोर झालेल्या बहुतेक दुखापती कमरेएवढ्या उंचीच्याही खालच्या आहेत. सराव संपत आलेला, पाय जड झालेले, आणि ‘एकदाच अजून’ म्हणून मारलेल्या साध्या उडीत घोटा मुरगळतो. दव पडलेल्या रेलिंगवरून पाय सटकतो. मागे पडताना हात टेकला जातो आणि मनगट दुखावतं. यातली कुठलीच उडी धाडसाची नव्हती. उडी फसली तर काय करायचं, हे मारणाऱ्याने आधी ठरवलं नव्हतं, एवढंच.

पार्कूर घडलं ते पॅरिसजवळच्या लिस गावात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. दाव्हिद बेल आणि त्याचे सोबती तिथल्या भिंती-कठड्यांवर सराव करत. बेलचे वडील रेमों हे पॅरिसच्या अग्निशमन दलात होते आणि अडथळे पार करण्याच्या या वेडाचं मूळ त्यांच्यापर्यंत जातं. त्या पहिल्या पिढीतल्या यामाकासी गटाचं एक ब्रीद आहे, त्याचा अर्थ ‘असावं आणि टिकावं’. त्यातल्या ‘टिकावं’साठी खालचा क्रम आहे.

१. उड्यांआधी पाय घडवा

स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध मात्र सावकाश बदलतात, त्यांना महिने लागतात. घोळ इथेच होतो. दीड-दोन महिन्यांत अंगात जोर आल्यासारखा वाटतो, उड्या लांबतात, आणि गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेमागे दुखायला लागतं. माणूस ते अंगावर काढतो आणि मग दुखणं वर्षभर पाठ सोडत नाही.

म्हणून पहिले दोन-तीन महिने उंची वाढवायची नाही. हळू बैठका, एका पायावरच्या बैठका, जोर, बारला लोंबकळणं, चारी हातापायांवर चालणं आणि एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करणं, एवढं नेमाने करा. माझी मोजपट्टी साधी आहे. प्रत्येक पायावर वीस-पंचवीस वेळा टाच पूर्ण वर उचलता आली नाही, तर त्या पायाने कठड्यावरून उतरायची घाई करू नये. जोरदार उड्यांच्या दोन दिवसांमध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवा.

२. उतरायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मी शिकवते तेव्हा पहिले कित्येक दिवस आम्ही फक्त उतरतो.

उतरण्यात नेमकं काय घडतं ते पाहा. एक मीटर उंचीवरून खाली येताना जमिनीला पाय लागतात तेव्हा तुमचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. पाय जवळजवळ ताठ ठेवून तो वेग १० सेंटिमीटरच्या आत थांबवला, तर पायांवर सरासरी तुमच्या वजनाच्या ११ पट जोर येतो. घोटे, गुडघे आणि खुबे वाकवत ४० सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर साडेतीन पट. उंची तीच, वजन तेच. फरक फक्त तुम्ही थांबायला किती अंतर घेतलं याचा.

एका पायरीवरून सुरुवात करा. दोन्ही पाय एकत्र, चवड्यांवर उतरा आणि टाचा जमिनीला हलकेच टेकू द्या किंवा किंचित वर ठेवा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत. ते आत एकमेकांकडे झुकत असतील तर उंची लगेच कमी करा, कारण गुडघ्यातले अस्थिबंध फाटण्याची ही नेहमीची वाट आहे. मांड्या जमिनीला समांतर होतील त्याच्या खाली बसू नका. जास्त जोर उरला असेल तर पुढे हात टेका. उतरल्यावर दोन सेकंद तिथेच थांबा. तोल जाऊन पाऊल पुढे पडलं, तर ती उडी जमली असं धरू नका.

आवाज ऐका. धप्प असा आवाज आला म्हणजे जोर सांध्यांनी घेतला, हलका आला म्हणजे स्नायूंनी. डोळे मिटून बसले तरी विद्यार्थ्यांच्या उड्यांपैकी कोणती चुकली ते मला आवाजावरून कळतं, आणि तुम्हालाही महिनाभरात कळू लागेल.

मग रोल. ही शाळेतली सरळ कोलांटी नव्हे. एका खांद्याच्या मागच्या मांसल भागावरून सुरू होऊन पाठीवरून तिरकं, विरुद्ध बाजूच्या खुब्यापर्यंत अंग फिरतं. हनुवटी छातीशी, डोकं जमिनीला लागत नाही. आधी मऊ गवतावर, गुडघा टेकलेल्या स्थितीतून करा. गवतावर मणक्याला किंवा खांद्याच्या टोकाच्या हाडाला ठणका लागत असेल, तर काँक्रीटवर तिथेच मार बसेल. दोन्ही बाजूंनी शिका, कारण पडताना बाजू निवडायला मिळत नाही. आणि एक गैरसमज सोडून द्या: रोल पुढे जाणारा वेग वाटून टाकतो. सरळ खाली पडलात तर रोल तुम्हाला वाचवणार नाही.

३. प्रत्येक उडीची परतवाट ठरवा

प्रिसिजन जंप, म्हणजे दोन्ही पायांनी नेमक्या जागी उतरायची उडी, कमी पडली तर काय कराल? भिंतीवर उतरायचं असेल तर उत्तर असं आहे: चवडे भिंतीच्या उभ्या बाजूला लावायचे, तिला ढकलून मागे यायचं आणि भिंतीकडे तोंड करून खाली उतरायचं. जास्त झाली तर पुढे पाऊल टाकून पलीकडे उतरायचं, पण पलीकडे उतरण्यासारखं काही आहे का, हे आधी जाऊन पाहिलेलं हवं. कठड्यावर हात टेकून दोन्ही पाय हातांमधून काढायचे असतील, म्हणजे काँग व्हॉल्ट, तर पाय अडकला तरी हात सोडायचे नाहीत. हात सुटले की तोंड आपटतं.

हे वाचून येत नाही. मुद्दाम फसून शिकावं लागतं. गुडघ्याएवढ्या भिंतीवर दहा उड्या अशा मारा की त्या जाणूनबुजून कमी पडतील, आणि दहाही वेळा पायांनी भिंत ढकलून नीट खाली या. काहींना हा सराव पोरकट वाटतो. मी तो सोडू देत नाही.

रेलिंग वेगळ्या काळजीचं, कारण त्यावरून पाय पुढे सटकतो आणि माणूस पाठीवर जातो. मागे पडायला शिका: हनुवटी छातीला, पाठ गोल, अंग एका बाजूला वळवून लोळायचं. हात ताठ करून मागे टेकायचा नाही. जमिनीलगतच्या बारवर हे अंगात मुरल्याशिवाय कमरेएवढ्या रेलिंगवर उभं राहू नका.

उडीपूर्वी सोबत्याला मोठ्याने सांगा, ‘कमी पडले तर असं उतरेन, जास्त झालं तर तसं.’ सांगता आलं नाही, तर आज ती उडी नाही.

४. जागा हातापायांनी तपासा

नुसतं बघून भागत नाही. कठड्यावरून तळवा फिरवा: धूळ, शेवाळ, सुटी वाळू लगेच हाताला लागते. कडेच्या विटा-फरशा पायाने ढकलून बघा. बार धरून आधी थोडं, मग पूर्ण वजन टाका. तळाशी गंजलेला बार वरून धडधाकट दिसतो. उतरायच्या जागी काचा, खिळे, सळया आहेत का ते वाकून पाहा. बूट ओले असतील तर तळ पुसा. जागेच्या मालकाची परवानगी घ्या आणि वाटेत येणाऱ्या माणसांना आधी जाऊ द्या.

बुटांचा तळ सपाट, लवचीक, एकसंध रबराचा हवा. मधोमध कडक प्लॅस्टिक असलेले बूट रेलिंगवर घसरतात. लेस आत खोचा. मनगटं, घोटे, खुबे फिरवून, हलकं धावून, छोट्या उड्यांनी पंधरा-वीस मिनिटं अंग तापवा.

५. भीतीचं आणि थकव्याचं ऐका

हेच अंतर जमिनीवर आखून दहापैकी दहा वेळा जमतं का? जमत असेल आणि तरी पोटात गोळा येत असेल, तर भीती उंचीची आहे. ती कमी उंचीवर सवयीने जाते. दहापैकी सात वेळाच जमत असेल, तर भीती बरोबर सांगते आहे. पाय थरथरायला लागले, उतरण्याचा आवाज वाढला, की दिवसाच्या उड्या संपल्या. कोणी मोबाईल धरून उभा आहे म्हणून मारलेली उडी तुमच्या तयारीची नसते.

६. सोबत काय ठेवाल

एकट्याने नवी उडी मारू नका. पिशवीत हे असू द्या: स्वच्छ पाण्याची बाटली, निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, त्रिकोणी झोळीचं कापड, हातमोजे, छोटी कात्री. मोबाईल चार्ज केलेला आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ. आपण आहोत ती जागा फोनवर दोन वाक्यांत कशी सांगायची, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत हवं. गटातल्या एकाने तरी प्रथमोपचाराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेलं असावं.

७. दुखापत झालीच तर

नडगी सोलवटणं, तळव्याचं सालपट जाणं नेहमीचंच. भरपूर पाण्याने धुवा, माती काढा, झाका. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर डॉक्टरांना दाखवा. रक्त थांबत नसेल तर गॉझ दाबून धरा, सारखं उचलून पाहू नका.

घोटा मुरगळला तर बूट काढून पाय उंचावर ठेवा, क्रेप बँडेज बांधा, दुखणं कमी करायला बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. हाड मोडलं आहे का, याचा अंदाज घ्यायला डॉक्टर ओटावा नियम वापरतात, आणि तो समजून ठेवण्यासारखा आहे. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाचं टोक, किंवा मागच्या कडेचा खालचा सहा सेंटिमीटर भाग दाबल्यावर दुखत असेल, अथवा लंगडतही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध असलेला हाडाचा उंचवटा किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तरी हवा.

मनगटाबद्दल मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. रेलिंगवरून मागे पडताना मी हात टेकला. थोडी सूज, थोडं दुखणं, लचक आहे असं धरून तीन आठवडे सराव चालू ठेवला. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे बोट दाबलं की कळ यायची. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं होतं. या हाडाला रक्तपुरवठा असा एका बाजूने येतो की वेळेवर आधार मिळाला नाही तर तुकडा जुळत नाही, कधी निकामीही होतो. माझा हात पुढे तीन महिने प्लॅस्टरमध्ये होता. त्या खळग्यात दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा. पहिला एक्स-रे निर्दोष आला तरी विश्वास ठेवून मोकळे होऊ नका. हा मोड सुरुवातीला दिसतोच असं नाही, म्हणून हात बांधून ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात.

सांधा निखळला तर जागेवर ओढून बसवू नका. आहे तशा स्थितीत झोळीने आधार द्या. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा.

डोक्याला मार लागला आणि गोंधळल्यासारखं, गरगरल्यासारखं झालं, मधलं काही आठवेनासं झालं, तर सराव तिथेच बंद, दहा मिनिटांत बरं वाटलं तरी बंद. त्या दिवशी माणसाला एकटं सोडू नका. उलट्या, वाढती डोकेदुखी, बेशुद्धी, झटके, बोबडं बोलणं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं काहीही झालं तर लगेच रुग्णालय. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर पडलेल्या माणसाला उठवू नका, डोकं स्थिर धरा आणि रुग्णवाहिका बोलवा.

८. परत कसं यावं

दुखणं थांबलं म्हणजे सांधा तयार झाला असं नाही. वेदनाशामक गोळी घेऊन सराव तर मुळीच नको, कारण थांबा म्हणून सांगणारी एकमेव खूण तुम्ही पुसून टाकता. घोट्याची दुखापत असेल तर दोन्ही पायांची तुलना करा: डोळे मिटून एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, टाच किती वेळा उचलता येते, एका पायावर किती लांब उडी जाते. दुखऱ्या पायाचं उत्तर चांगल्या पायाच्या आसपास आलं की पुन्हा एका पायरीवरून उतरायला लागा. डोक्याच्या दुखापतीनंतर मात्र डॉक्टरांच्या होकाराशिवाय उडी नाही.

पहिल्या दिवशी दहाच उड्या, त्याही आधीच्या निम्म्या उंचीवरून. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना सांधा सुजला आहे का, आखडला आहे का ते पाहा. नसेल तर एक पायरी वर.