पब्लिश करण्याआधी फ्रेममेकरची फाइल अशी तयार करा

फ्रेममेकर या मॅन्युअल तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच सोर्समधून, म्हणजे मूळ फाइलमधून, छपाईची पीडीएफही निघते आणि वेबसाठीचं एचटीएमएलही. पण छापील पानावर देखणा दिसणारा मजकूर वेबवर गबाळा होऊन बाहेर येतो. छपाईला नजरेला काय दिसतं तेवढंच पुरतं, एचटीएमएलला मात्र हे शीर्षक आहे, पायरी आहे की टीप, हे कळावं लागतं. ते सांगायची जागा म्हणजे सोर्स. मी एकदा आख्ख्या मॅन्युअलची एचटीएमएल पानं रात्री बसून हाताने साफ केली होती. आठवड्याने एक वाक्य बदललं, पुन्हा पब्लिश झालं आणि ती सगळी मेहनत पुसली गेली. तेव्हापासून आउटपुटला मी हात लावत नाही.

सगळ्यात आधी आख्ख्या बुकची, म्हणजे सगळ्या धड्यांच्या फाइलींची, प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. मग एक धडा उघडा, परिच्छेदात कर्सर ठेवा आणि खालच्या स्टेटस बारकडे बघा. फॉरमॅटच्या नावाआधी चांदणी (*) दिसली, तर कुणीतरी तिथे हाताने काहीतरी बदललंय: अर्धा पॉइंट मोठा फॉन्ट, थोडी जास्त मोकळी जागा. अशी प्रत्येक चांदणी एचटीएमएलमध्ये इनलाइन स्टाइलचा कचरा होऊन उतरू शकते. टेम्प्लेटमधून फॉरमॅट पुन्हा इम्पोर्ट करताना ओव्हरराइड, म्हणजे हाताने केलेले हे बदल, काढून टाकायचा पर्याय असतो, तो निवडा. मात्र त्याआधी कंट्रोल-बी दाबून ठळक केलेले शब्द शोधून त्यांना कॅरॅक्टर टॅग (शब्दांपुरता नावाचा फॉरमॅट) द्या, नाहीतर तो ठळकपणाही त्या सफाईत जाईल. बटणांची नावं, कमांड, फाइलची नावं यांना वेगवेगळे टॅग दिलेत, तर पुढे मॅपिंग करताना, म्हणजे कोणता फॉरमॅट एचटीएमएलमध्ये काय व्हायचा ते जोडताना, हायसं वाटतं.

जागा सोडायला मारलेले रिकामे एंटर आणि शीर्षक दोन ओळींत तोडायला दिलेले शिफ्ट-एंटर काढा. टॅब मारून जुळवलेल्या रकान्यांची खरी टेबलं करा आणि त्यांच्या मथळ्याच्या ओळी हेडिंग रो म्हणूनच ठेवा.

क्रमांकित पायऱ्यांना मात्र निवांत वेळ द्या. फ्रेममेकरमध्ये क्रमांक ऑटोनंबरमधून येतो. मॅपिंग नीट नसेल तर 'चार' हा आकडा साध्या परिच्छेदाच्या पोटात मजकूर म्हणून जातो, आणि स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला एकूण पायऱ्या किती हे कळतच नाही. पहिल्या पायरीला क्रमांक एकपासून सुरू करणारा फॉरमॅट आणि पुढच्यांना वाढवत नेणारा फॉरमॅट असे दोन असू द्या, आणि दोन्ही यादीला जोडा. दोन पायऱ्यांच्या मधे येणाऱ्या टीपेला किंवा चित्राला साधा बॉडी फॉरमॅट लावू नका. तिथे यादी तुटते आणि पुढची पायरी पुन्हा एकपासून सुरू होऊ शकते. 'पायरी चालू' असा तिसरा फॉरमॅट करून तो मजकूर यादीच्या आतच बसवा.

फाइल जुनी असेल तर सिम्बॉल फॉन्ट हुडकाच. फ्रेममेकरमध्ये युनिकोड, म्हणजे प्रत्येक चिन्हाला स्वतःचा कोड देणारी पद्धत, आली ती २००७च्या आठव्या आवृत्तीत. त्याआधी ओहमचं चिन्ह काढायला सिम्बॉल फॉन्टमध्ये कॅपिटल डब्ल्यू टाइप करायचे, मायक्रोसाठी छोटा एम. वेबवर तो फॉन्ट गळून पडला की दहा किलोओहमचा रोधक दहा किलोवॅटचा होतो आणि पाच मायक्रोमीटरची जाळी पाच मिलिमीटरची. दुरुस्तीला बसलेला माणूस त्या आकड्यावर विसंबून काम करतो. अशी चिन्हं एकेक शोधून युनिकोडमध्ये बदला, आणि बदललेला प्रत्येक आकडा इंजिनिअरकडून तपासून घ्या.

चित्रं ईपीएस या छपाईच्या फॉरमॅटमध्ये असतील तर ब्राउझर ती दाखवत नाही, एसव्हीजी किंवा पीएनजी करा. चित्र ज्या चौकटीत बसतं त्या अँकर्ड फ्रेममध्ये, चित्र न दिसणाऱ्यांसाठीचा पर्यायी मजकूर भरा. 'आकृती ३' असं लिहून भागणार नाही, चित्रात काय दिसतं ते लिहा. फाइलनावांत स्पेस नको. फक्त छपाईसाठीचा कंडिशनल (हवा तेव्हा दाखवायचा किंवा लपवायचा) मजकूर लपवा, 'पान ४२ पाहा' छापाचे क्रॉस-रेफरन्स वेबसाठी शीर्षकाच्या नावावर आणा, आणि बुक अपडेट करून एकही संदर्भ तुटलेला नाही याची खात्री करा.

आता आख्खं बुक नको, पायऱ्या, टेबल आणि चित्र तिन्ही असलेला एकच धडा पब्लिश करा. त्याचं पान डब्ल्यूथ्रीसी या वेबमानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे एचटीएमएलमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनात, टाका. मग सीएसएस (पानाची सजावट) बंद करून तेच पान वरपासून खालपर्यंत वाचा. जिथे अडखळाल तिथे सोर्समधला तो परिच्छेद उघडा आणि आधी चांदणी आहे का बघा.