फ्युएल प्रेशर तपासताना: गॅरेजमध्ये नव्याने आलेल्या पोरांसाठी

गाडी पिकअप घेत नाही म्हटलं की आमच्याकडे पहिला बळी जातो तो टाकीतून इंजिनला पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा. पंप बदलला, बिल झालं, गाडी गेली आणि आठ दिवसांत गिऱ्हाईक पुन्हा दारात. संभाजीनगरात काय, जालन्यात काय आणि लातुरात काय, हे सगळीकडे चालतं. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेल्या पोरांना प्रेशर गेज ओळखता येतो, पण तो स्वतःच्या हाताने रेलला (इंजेक्टरना पेट्रोल वाटून देणाऱ्या पाइपला) लावलेला फार थोड्यांनी असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. मॅन्युअलमध्ये केपीए असतं, गेजवर पीएसआय आणि उस्तादच्या तोंडी किलो (म्हणजे चौरस सेंटीमीटरला किलो). १ बार म्हणजे १०० केपीए, साडेचौदा पीएसआय आणि ढोबळमानाने १ किलो. आपल्याकडच्या बहुतेक एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाड्यांचं प्रेशर ३ ते ४ बारमध्ये असतं, म्हणजे साधारण ४४ ते ५८ पीएसआय. पण हा अंदाज झाला. समोरच्या मॉडेलला किती हवं ते त्याच्या मॅन्युअलमध्येच बघायचं. एका गाडीला ३ बार बरोबर असतं, दुसरीला तेच कमी पडतं.

रेग्युलेटर, म्हणजे प्रेशर ठरलेल्या आकड्यावर धरणारा भाग, कुठे बसवलाय तेही बघा. जुन्या गाड्यांत तो रेलवर असतो आणि त्याला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपची) व्हॅक्युमची नळी असते. तिथे आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, प्रेशर थोडं खाली असणारच. नळी काढली की ते वर चढतं आणि चढलंच पाहिजे. नळीत पेट्रोलचा वास किंवा ओल आली तर रेग्युलेटरचा पडदा फाटला समजा. नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीत पंपासोबतच असतो, जास्तीचं पेट्रोल इंजिनकडून टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन नसते, त्यामुळे आयडलला आणि रेस केल्यावर आकडा जवळपास सारखाच राहतो.

गेज लावण्याआधी लाइनमधलं प्रेशर उतरवा. इंजिन थंड असू द्या, टाकीचं झाकण उघडा, पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, जोडावर जाड फडकं गुंडाळा आणि हळूच सोडवा. तरी चमचाभर पेट्रोल येतंच. उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीला पत्र्याच्या शेडमध्ये ते पेट्रोल किती लवकर उडतं आणि वाफ कुठवर पसरते ते लक्षात ठेवा. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ते थांबवायला सांगा, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. काही गाड्यांच्या रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट पोर्ट असतो. आपल्याकडे चालणाऱ्या बऱ्याच छोट्या गाड्यांना तो नसतो, तिथे फीड पाइप आणि रेलच्या मध्ये टी अडॅप्टर घालावा लागतो. क्लिपचा लॉक तुटला तर नवीन घाला. तार गुंडाळून भागवायचं नाही.

गेज लागला की फ्यूज आणि बॅटरी परत जोडा. आता चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. पंप दोन-तीन सेकंद घुरघुरेल आणि काटा वर जाईल. पहिलं रीडिंग हे. दुसरं आयडलला. तिसरं लोडवर, म्हणजे इंजिनवर जोर पडतो तेव्हा, आणि इथेच बहुतेक जण आळस करतात. चौथं इंजिन बंद केल्यावर. पाच-दहा मिनिटांत काटा किंचित खाली आला तर चालतं. डोळ्यांदेखत शून्यावर आला तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा गळणारा इंजेक्टर, तिघांपैकी एक कोणीतरी. सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही, ही तक्रार बहुधा याच रीडिंगमध्ये सापडते.

खुलताबादकडच्या एका काकांची गाडी आली होती. तक्रार एवढीच, "घाट चढंना, बाकी लई झकास." स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आयडलला प्रेशर बरोबर ३ बार. तिथेच थांबलं असतं तर "पंप ठीक आहे, सेन्सर बघू" असंच म्हटलं गेलं असतं. गेजचा लांब पाइप बोनेटच्या मागच्या फटीतून काढला, गेज काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटपट्टीने लावला (केबिनमध्ये पेट्रोलचा गेज कधी घ्यायचा नाही) आणि गाडी दौलताबादच्या घाटाला घातली. चढावर पाय दाबला की काटा पाहता पाहता २ बारच्या खाली. आयडलला इंजिन थेंबभर पेट्रोल मागतं, तेवढं मरगळलेला पंपही पुरवतो. चढावर मागणी वाढली की त्याचं पितळ उघडं पडतं.

पण पंप मरगळला कशाने, हे बघायचं राहिलंच होतं. मागची सीट उचलून पंपाच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावला. कनेक्टर काढून मोजलं तर बारा व्होल्ट पूर्ण दिसतात, कारण करंटच वाहत नसतो. कनेक्टर जोडलेला, पंप चालू, आणि मीटरच्या पिना कनेक्टरच्या मागून टोचलेल्या, असं मोजायचं. बॅटरीवर १४ होते, पंपावर साडेदहा. बॅटरी आणि पंपात अर्ध्या व्होल्टापेक्षा फार फरक दिसला की वायर आणि अर्थिंग शोधायला लागा. कार्पेटखाली वायर उंदराने कुरतडलेली निघाली, तांब्याचे चार-पाच धागे तेवढे शिल्लक. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावणाऱ्यांकडे हे नवीन नाही. वायर जोडली, पंप जुनाच ठेवला, गाडी घाट चढली.

हातात स्कॅनर असेल तर गेज लावायच्या आधी फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा. आयडलला ट्रिम जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल तर बहुधा कुठेतरी व्हॅक्युम गळतोय. लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय किंवा एअरफ्लो सेन्सर खोटं सांगतोय. मग गेजची मेहनत सार्थकी लागते.

पंप खरोखर गेलेलेही येतात, नाही असं नाही. त्यातले बरेच दोनशे-दोनशेचं पेट्रोल टाकणाऱ्यांचे, नाहीतर सीएनजीवर पळणारे, ज्यांचा पेट्रोलचा काटा कायम रिझर्व्हवर. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, टाकी कोरडी पडली की तापून झिजतो. पंप बदलला की गिऱ्हाइकाला टाकी पाव तरी भरलेली ठेवायला सांगा, आणि टाकीत खाली गाळ किंवा पाणी आहे का तेही बघून घ्या. घाण तशीच ठेवून नवा पंप टाकला तर त्याची जाळी महिन्यात भरते.

डिझेलच्या सीआरडीआय (कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय-प्रेशर रेलमधून डिझेल देणाऱ्या) गाडीला हा गेज रेलवर लावायचा विचारही करू नका. तिथे आयडललाच अडीचशे-तीनशे बार असतात आणि लोडवर हजाराच्या पुष्कळ वर जातात. चालू इंजिनवर पाइप ढिला करून "डिझेल येतं का" बघायची जुनी सवय तिथे बोट गमावायला लावते. बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत मांस सडतं. असं झालं तर तडक दवाखाना गाठायचा. रेलचं प्रेशर स्कॅनरवर वाचा, साधा गेज फक्त टाकीकडून येणाऱ्या लो-प्रेशर लाइनला लावा. सेल्फ मारताना रेलमध्ये प्रेशर बनत नसेल तर इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सारख्या आकाराच्या बाटल्यांत सोडून बघा. जी बाटली इतरांपेक्षा भराभर भरते, तो इंजेक्टर आधी काढा.