निवृत्तीनंतर मोठ्या आरव्हीतून अमेरिका पाहताना : दोघांनी मिळून करावयाची तयारी

नोकरी संपली आणि मुले आपापल्या घरी स्थिरावली, की अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी जोडप्यांच्या मनात पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्याने निवांतपणे पाहण्याचा बेत घोळू लागतो. त्यासाठी आरव्ही, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली घरासारखी गाडी, फार सोयीची पडते, कारण रोज आपल्याच अंथरुणावर झोपता येते आणि पथ्याचे जेवण हाताने करून खाता येते. मात्र ३५ ते ४० फुटी मोटरहोम (स्वतःचे इंजिन असलेली आरव्ही) चालवणे, उभे करणे आणि त्यातला संसार सुरळीत ठेवणे हे एकट्याचे काम नाही. नवऱ्याने गाडी चालवायची आणि बायकोने स्वयंपाकघर पाहायचे, ही घरातली वाटणी या प्रवासात धोक्याची ठरते. वायोमिंगच्या निर्मनुष्य माळावर चालवणाऱ्याची पाठ धरली किंवा त्याला चक्कर आली, तर दुसऱ्याला निदान जवळच्या गावापर्यंत गाडी नेता आलीच पाहिजे. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते दोघांनीही शिकावे, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात परवान्यापासून करावी. राज्याराज्यांचे नियम सारखे नाहीत. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतचे मोटरहोम साध्या परवान्यावर चालवता येते, त्याहून लांब असल्यास बी वर्गाचा अव्यावसायिक परवाना लागतो. काही राज्ये मात्र लांबीऐवजी २६,००० पौंडांवरील वजन पाहतात. विम्यात चालक म्हणून दोघांचीही नावे घालून घ्यावीत. त्यानंतर एखाद्या मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनी आळीपाळीने सराव करावा. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा जो भाग उरतो, तो वळताना वळणाच्या विरुद्ध बाजूला बाहेर झुकतो. पेट्रोल पंपाच्या खांबाला गाडी घासते ती बहुधा याच कारणाने. हे झुकणे किती असते ते एकाने खाली उभे राहून डोळ्यांनी पाहावे, मग जागा बदलून दुसऱ्याने पाहावे.

गाडी मागे घेताना खाली उतरलेल्याने चालकाच्या बाजूला, मागच्या कोपऱ्याजवळ पण गाडीच्या वाटेबाहेर, आरशात दिसेल असे उभे राहावे. जोडीदार आरशातून दिसेनासा झाला, की त्याच क्षणी ब्रेक दाबायचा, हा नियम कधीही मोडू नये. हाताच्या खुणा घरीच ठरवून घ्याव्यात, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडून काहीच कळत नाही आणि विनाकारण तोंडातोंडी होते. मोटरहोममागे छोटी गाडी चारही चाकांवर ओढत नेत असाल, तर ती जोडलेली असताना मागे येता येत नाही. जबरदस्ती केली तर जोडणीचा सांगाडा वाकतो. त्यामुळे पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात शिरण्याआधी बाहेर पडण्याची वाट दिसते आहे ना, याची खात्री करावी.

गाडीची लांबी, आरशांसह रुंदी, आणि छतावरील एसीसह उंची फूट-इंचांत लिहून ती चिठ्ठी चालकासमोर चिकटवावी, कारण मार्गाचा बेत या तीन आकड्यांवरच ठरतो. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. तिथे आरव्ही खाली ठेवून छोटी गाडी किंवा शटल घ्यावी. न्यू जर्सीहून दक्षिणेकडे निघणाऱ्यांनी बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगदे टाळावेत, कारण १० पौंडांपेक्षा जास्त प्रोपेन असलेल्या वाहनांना तिथे प्रवेश नाही आणि स्वयंपाकाच्या गॅसमुळे आपली गाडी त्यात मोडतेच. साध्या फोनवरील नकाशाला हे काही ठाऊक नसते. आरव्हीची मापे भरता येतील असेच दिशादर्शक वापरावे.

मुक्कामाची जागाही लांबी पाहूनच मिळते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरील मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांची मर्यादा आहे आणि तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही. शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये ५० फुटांपर्यंतच्या गाड्यांसाठी सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येणाऱ्या, पूर्ण जोडणीच्या जागा आहेत. यलोस्टोनच्या हद्दीत वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी फक्त फिशिंग ब्रिज येथे मिळते. उन्हाळ्यासाठी अशा जागांचे आरक्षण कित्येक महिने आधी करावे. वयाची ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा ज्येष्ठ पास मिळतो. त्यावर उद्यानांचे प्रवेशशुल्क माफ होते आणि अनेक सरकारी कॅम्पग्राउंडचे भाडे निम्मे पडते. व्हिसावर पाहुणे म्हणून आलेल्यांना तो मिळत नाही.

दिवसाला २५० ते ३०० मैलांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये आणि दुपारी तीनच्या सुमारास मुक्कामी पोहोचावे, म्हणजे उजेडात गाडी लावता येते. इंटरस्टेट ८० वर लॅरमी ते रॉलिन्स या टापूत वारा इतका जोराचा असतो, की उंच वाहनांसाठी रस्ता बंद करावा लागतो. अशा दिवशी मुक्काम वाढवणेच शहाणपणाचे. घाट उतरताना आधीच खालचा गिअर टाकावा, कारण सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापून निकामी होतात.

सामान भरल्यावर ट्रक थांब्यावरील काट्यावर गाडीचे वजन करून घ्यावे. शंभर गॅलन पाणी सुमारे ८३० पौंड भरते, त्यामुळे जोडणी असलेल्या ठिकाणी जायचे असेल तर टाकी काठोकाठ भरून नेऊ नये. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा-सात वर्षे झालेला टायर वरून नवा दिसला तरी बदलावा.

आता स्वयंपाकघर. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट मिळतात, तर ५० अँपिअरवर १२,००० वॉट. ३० वर एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा कुकर एकदम लावले तर खटका पडणारच. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर नीट फिरत नाही, म्हणून इथल्या विजेवरचाच घ्यावा. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो. वैतागून तो काढून ठेवू नये, आधी खिडकी उघडून पंखा लावावा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याची गळती ओळखणारा सूचक जमिनीलगत बसवलेला असतो, त्यापुढे पिशव्या रचू नयेत. मोंटाना-वायोमिंगच्या लांबच लांब पट्ट्यात तूरडाळ किंवा गोडा मसाला मिळेल अशी आशा ठेवू नये. कॅलिफोर्नियात शिरताना मात्र ताजा कढीपत्ता जवळ बाळगू नये, कारण लिंबूवर्गीय झाडांना घातक ठरणारी कीड त्यावर पोसली जाते आणि सीमेवर तपासणी होते.

सांडपाण्याच्या कामाची अनेकांना किळस वाटते, पण त्याची रीत समजली तर ते दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. संडासाची टाकी वेगळी आणि भांडी-आंघोळीच्या पाण्याची वेगळी असते. मुक्कामी जोडणी असली तरी संडासाच्या टाकीची झडप बंदच ठेवावी. ती उघडी राहिली तर पाणी वाहून जाते, मैला तळाशी साचून घट्ट होतो आणि पुढे तो निघता निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली, की हातमोजे घालून आधी संडासाची आणि मग भांड्यांच्या पाण्याची टाकी सोडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी संपूर्ण वेगळी असावी आणि सांडपाण्याच्या जागेजवळील धुण्याच्या नळाला ती कधीही लावू नये. तेला-तुपाची भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्यावीत. डाळीचा गाळ आणि तुपाचा थर टाकीतच बसून राहतो व उन्हात घरभर वास सुटतो.

प्रकृतीच्या बाबतीत विम्याचा प्रकार निघण्याआधी तपासावा. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, तिला मान्यता देणाऱ्या देशभरातील डॉक्टरांकडे चालते, परंतु खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या अनेक योजनांत तातडीचा प्रसंग सोडला तर ठरावीक भागाबाहेर खर्च मिळत नाही. यलोस्टोन सरोवराचा परिसर ७,७०० फुटांवर आहे; हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावे आणि चढावर एकदम जाऊ नये. प्रत्येक मुक्कामी पोहोचताच कॅम्पग्राउंडचे नाव, जागेचा क्रमांक, जवळचे रुग्णालय आणि दोघांची औषधे एका कागदावर लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला लावावा, म्हणजे रात्री ९११ ला फोन करण्याची वेळ आली तर दोघांपैकी कोणालाही आपण कुठे आहोत हे लगेच सांगता येईल.