जेट स्कीचे हेड: गॅस्केट काढून ओ-रिंग बसवताना

टू-स्ट्रोक इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवायचे म्हटले की हेड, म्हणजे सिलिंडरचे झाकण, लेथवर घासून आणायचे, ही आरएक्स १०० वर वाढलेल्या पुण्यातील जुनी रीत आहे. परंतु आरएक्सचे हेड हवेवर थंड होते. जेट स्कीच्या हेडमध्ये मात्र एका बाजूला ज्वलन आणि दुसऱ्या बाजूला धरणाचे किंवा समुद्राचे पाणी असते, आणि दोहोंच्या मध्ये धातूची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी तेवढी असते. म्हणून येथे हेड आणि सिलिंडरचा ब्लॉक यांमधले गॅस्केट काढून हेडच्या खाचेत रबरी ओ-रिंग बसवताना आधी सील पक्के करावे आणि कॉम्प्रेशनचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी यामाहाचे ७०१ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन घेऊ. बोअर ८१ मिमी आणि स्ट्रोक ६८ मिमी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे आकारमान सुमारे ३५० सीसी होते. पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा ५५ सीसी असेल, तर कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ७.४ च्या आसपास येते. ८२ मिमी व्यासाचे आणि १ मिमी जाडीचे गॅस्केट काढून टाकले की त्यातील सुमारे ५.३ सीसी जागा कमी होते आणि हेडला हातही न लावता गुणोत्तर ८ वर जाते. पण त्याच वेळी पिस्टनची कड आणि हेड यांतील फटही १ मिमीने घटते. ती फट परत मिळवण्यासाठी हेडमधून धातू काढला की जागा पुन्हा वाढते, त्यामुळे केवळ कागदावरच्या हिशोबाने हेड कापायला देऊ नये.

प्रथम ब्लॉकचा माथा तपासावा. त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून ०.०५ मिमीचे फीलर गेज कोठे शिरते का ते पाहावे. समुद्रात चाललेल्या इंजिनावर पाण्याच्या वाटांभोवती खारामुळे पडलेले खड्डे हमखास दिसतात. असा खड्डा सिलिंडरच्या कडेकडे सरकत आला असेल, तर आधी फेसिंग करून, म्हणजे माथा यंत्रावर सपाट करून, घ्यावे, कारण ओ-रिंग खड्डा भरून काढत नाही. त्यानंतर ब्लॉकवर निळ्या रंगाचा पातळ हात देऊन हेड अलगद टेकवावे. हेडवर उमटलेल्या ठशावरून पाण्याची भोके नेमकी कोठे येतात ते कळते, आणि ओ-रिंगची खाच कोठे घ्यायची हे त्या ठशावरूनच ठरवावे.

ओ-रिंग ज्वलनाचा दाब एकटी पेलत नाही. चेंबरची (हेडमधील ज्वलनाच्या पोकळीची) कड आणि खाच यांच्यामधील पट्टी ब्लॉकवर धातूला धातू टेकून बसते आणि ज्वाळा तीच अडवते. तिच्यातून निसटलेला वायू आणि बाहेरचे पाणी रोखणे हे रिंगचे काम असते. त्यामुळे ही पट्टी मी ३ मिमीपेक्षा अरुंद ठेवत नाही. २.६२ मिमी जाडीच्या रिंगसाठी खाच १.९ ते २ मिमी खोल आणि सुमारे ३.५ मिमी रुंद घ्यावी. त्यामुळे रिंग साधारण पाव भाग दाबली जाते आणि गरम होऊन फुगल्यावर तिला पसरायला जागाही उरते. दाब आतून येत असल्याने रिंगचा बाहेरचा व्यास खाचेच्या बाहेरच्या भिंतीला टेकेल असाच निवडावा. चेंबरभोवती व्हिटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराचीच रिंग हवी. पाण्याच्या बाहेरच्या कडेला साधे नायट्राइल रबर चालते. सिलिकॉनची रिंग मात्र पेट्रोलच्या संपर्कात टिकत नाही, ती कोठेही वापरू नये.

माझे पहिले हेड मी भोसरीच्या एका जॉबवर्क शेडमध्ये करून घेतले होते. खाचेची मापे बरोबर होती, पण तिच्या तळावर नख फिरवले की हत्याराच्या थरथरीचे बारीक कंगोरे लागत होते. मी ते चालवून घेतले. वीस मिनिटांच्या फेरीनंतर मागच्या सिलिंडरच्या प्लगवर पाण्याचे थेंब दिसले आणि हेड उघडल्यावर त्याच कंगोऱ्यांच्या रेषेत गंजाचा पट्टा आढळला. तेव्हापासून खाचेचा तळ नखाला गुळगुळीत लागल्याशिवाय मी हेड ताब्यात घेत नाही.

पिस्टनची कड आणि हेड यांतील फट मोजण्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारी सोल्डरची जाड तार पुरते. हेड नेहमीच्या टॉर्कवर आवळून, प्लगच्या भोकातून तार गजनपिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवावी आणि क्रँक हाताने फिरवून ती चेपून घ्यावी. इतर दिशेला पिस्टन डुलतो आणि माप फसवे येते. दोन्ही बाजूंची सरासरी १.२ मिमीच्या खाली जाऊ देऊ नये. मग पिस्टन वर आणून, पिस्टनच्या रिंगांच्या कडेला ग्रीस लावून, ब्यूरेटने (खुणा असलेल्या काचेच्या नळीने) पातळ तेल ओतून चेंबर मोजावे; दोन सिलिंडरांत अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक नसावा.

जोडणीविषयी फार सांगण्यासारखे नाही: ओ-रिंगला तेलाचे बोट फिरवावे, आणि मधल्या बोल्टपासून बाहेर, आडव्यातिडव्या क्रमाने, तीन टप्प्यांत मॅन्युअलमधील टॉर्कपर्यंत आवळावे. नळाचे पाणी देऊन चाचणी घेताना मात्र आधी इंजिन सुरू करावे आणि मग नळ सोडावा. बंद करताना आधी नळ आणि मग इंजिन. हा क्रम उलटला, तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरते.

आता कॉम्प्रेशन गेज. दोन्ही प्लग काढून, त्यांच्या वायरी अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ते मोजावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण ६ टक्के कमी असतो. पुण्यात १५० पीएसआय दाखवणारे इंजिन तारकर्लीला सुमारे १६० दाखवते. शिवाय येथील विरळ हवेवर बसवलेले कार्ब्युरेटरचे जेट तेथील दाट हवेच्या मानाने पेट्रोल कमी सोडतात, म्हणजे दाब वाढतो आणि मिश्रणही कोरडे होते. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने त्यात भरच पडते. म्हणून साध्या पेट्रोलवर चालवायचे असेल, तर पुण्यातील आकडा १५० च्या आत ठेवावा आणि कोकणात उतरल्यावर मेन जेट एक क्रमांक मोठा टाकावा. इंडियन ऑइलचे एक्सपी १०० हे २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेले १०० ऑक्टेनचे पेट्रोल पुण्यात मिळते, पण किनाऱ्यावरच्या पंपावर ते असेलच, असे गृहीत धरून हेड कापू नये.

किनाऱ्यावर पहिली दहा मिनिटे चालवल्यावर प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या पोर्सेलेनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चांदीसारखे चमकते कण दिसले, तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रण जळण्याऐवजी एकदम फुटणे, सुरू झालेले आहे. त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नये आणि चेंबर एक-दोन सीसीने मोठे करून घ्यावे.