जुन्या घरातील उकाडा, एसी आणि गिझर : ठाणे-नवी मुंबईतील घरमालकांसाठी

ठाण्यात नौपाडा, चरई किंवा पाचपाखाडीतील चाळीस वर्षांच्या तीन-चार मजली इमारतीत, अथवा वाशीतील सिडकोच्या जुन्या वसाहतीत राहणाऱ्या घरमालकाचा उन्हाळ्यातील पहिला प्रश्न बहुधा ‘एसी किती टनाचा घ्यावा’ हाच असतो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. घरात उष्णता कोठून येते हा पहिला आणि घरातील वायरिंगला किती भार झेपतो हा दुसरा. ही दोन उत्तरे मिळण्याआधी घेतलेला एसी वीजबिल तर वाढवतोच, शिवाय वायर जुनी असेल तर धोकाही निर्माण करतो.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल, तर मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास पंखा बंद करून स्टुलावर उभे राहा आणि छताला तळहात लावून पाहा. सूर्य मावळून तीन तास होऊनही स्लॅब कोमट लागतो, कारण काँक्रीट दिवसभर शोषलेली उष्णता रात्रभर हळूहळू खाली सोडत असते. अशा खोलीत पंखा वेगाने फिरवला तरी तो छताखालची तापलेली हवाच अंगावर ढकलतो. यावरचा खरा उपाय गच्चीवर आहे. स्लॅब गळत असेल तर आधी ब्रिकबॅट कोब्याचे (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थराचे) किंवा अन्य वॉटरप्रूफिंग नीट करून घ्यावे आणि त्यानंतर पांढरे चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) बसवावे किंवा ऊन परावर्तित करणारा पांढरा लेप द्यावा. ओल असलेल्या स्लॅबवर नुसता लेप दिल्यास तो पावसाळ्यात पापुद्रे धरून सुटतो. गच्ची सोसायटीची सामाईक असल्याने व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी लागते. पावसाळ्याआधी काम पुरे व्हायचे असेल तर तो अर्ज जानेवारीतच द्यावा.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावणे हा अपुरा उपाय आहे, कारण ऊन तोपर्यंत काचेतून आत आलेले असते. बाहेरच्या बाजूला बांबूची चटई किंवा छोटी पत्र्याची झडप लावल्यास फरक लगेच जाणवतो. जुन्या घरांत दारांच्या वर झरोके असत. अनेकांनी ते प्लायवूडने बंद करून टाकले आहेत. ते उघडावेत, म्हणजे संध्याकाळी स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट फॅन सुरू केल्यावर सगळ्या घरातील हवा खेचली जाते.

‘एसीऐवजी कूलर चालेल का?’ विदर्भात चालतो, येथे नाही. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो आणि खाडीकाठच्या दमट हवेत बाष्पीभवन फारसे होतच नाही, त्यामुळे खोली थंड होण्याऐवजी चिकट होते.

आता वायरिंग. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालताना साधारण दीड किलोवॅट आणि विजेचा गिझर तीन किलोवॅट वीज घेतो. दोन्ही एका वेळी चालले तर सुमारे २० अँपिअर प्रवाह वाहतो. जुन्या घरांत अजूनही किटकॅट फ्यूज (चिनी मातीच्या खोबणीत तार बसवलेले जुने फ्यूज), अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा बारीक तांब्याच्या वायरी आणि नावापुरते अर्थिंग आढळते. एसी अर्धा तास चालल्यावर स्विच बंद करून प्लग काढा. त्याची पिन हाताला चटका देत असेल, सॉकेटभोवती पिवळसर तपकिरी डाग असेल किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर ते सॉकेट पुन्हा वापरू नका. परवानाधारक वायरमनकडून एसीसाठी मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) टाकून घ्यावी, अर्थिंग मोजून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो अपुरा असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज करावा. या खर्चात काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता टनाचा प्रश्न. १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो, १५० ते १८० फुटांच्या खोलीला दीड; वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असेल तर जास्त टनाचा पर्याय घ्यावा. गरजेपेक्षा बराच मोठा, ठरावीक वेगाचा (इन्व्हर्टर नसलेला) एसी खोली झटपट थंड करून बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे (वीजबचतीचे तारे दाखवणारे) एसी सुरू केल्यावर तापमान आपोआप २४ अंशांवर लावलेले असते. तेथेच ठेवून पंखा मंद चालवल्यास येथील उन्हाळ्यात बहुतेकांना पुरेसे होते.

बाहेरचे युनिट छज्जावर ठेवू नका. जुन्या छज्जातील सळया गंजून काँक्रीट सुटलेले असू शकते; ३० वर्षांपुढील इमारतीचा संरचनात्मक परीक्षण अहवाल सोसायटीकडे मागून पाहावा आणि भक्कम भिंतीवर गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेट लावावा. एसीतून निघणाऱ्या पाण्याचा पाइप सतत उताराने न्यावा, अन्यथा पाणी खालच्यांच्या खिडकीवर टपकत राहते.

दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा लागेल’ असे सांगणारा मेकॅनिक भेटतो. एसीतील गॅस बंद नळ्यांतच फिरतो, तो खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. साबणाच्या पाण्याने किंवा नायट्रोजनचा दाब देऊन गळती दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिवाळ्यात येथे खोली तापवण्याची गरज नसते. प्रश्न फक्त आंघोळीच्या पाण्याचा असतो. गॅस गिझर मात्र बंद बाथरूममध्ये कधीही बसवू नये. ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. गॅस गिझर बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत, धूर बाहेर सोडणाऱ्या नळीसह बसवावा; जुन्या घरात आत असेल तर आजपासून वापर थांबवावा आणि तो बाहेर हलवेपर्यंत पाणी गॅसच्या शेगडीवर तापवून बादलीतून न्यावे.