१९५८च्या रस्त्यावर पिनकोड? मॉडेल रेल्वेच्या पाट्या-पोस्टरांत या चुका टाळा

इंजिन बरोबर, डबे बरोबर, रुळांखालची खडीसुद्धा चाळून टाकलेली, आणि स्टेशनाबाहेरच्या दुकानाच्या पाटीवर पिनकोड! हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणाचा लेआउट (म्हणजे रूळ, स्टेशन, रस्ते असं सगळं मांडलेलं मॉडेल) बघायला गेलो की मी आधी भिंतीच वाचतो. पाट्या, पोस्टरं, वर्तमानपत्रं हे सगळं शेवटच्या रविवारी नेटवरून उतरवून, छापून, चिकटवून मोकळं व्हायचं काम आहे, असा बहुतेकांचा समज असतो.

माझाही होता. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात), दादर टी. टी.चा एक कोपरा केला होता. साल धरलं १९५८. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, त्यामुळे ट्राम आलीच (मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली). शिवाय इराण्याचं हॉटेल, शिंप्याचं दुकान, पानाची गादी. एका प्रदर्शनात मांडला. लोक ट्रामचे फोटो काढत होते, मी फुशारत होतो. तेवढ्यात एक आजोबा आले. जन्मभर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवलेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक जवळजवळ दुकानात घातलं आणि विचारलं, “काय हो, तुमचा हा शिंपी ज्योतिषी होता का?”

मला कळेना. पाटीवर होतं ‘दादर, मुंबई ४०० ०१४’. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याआधी तिथला पत्ता ‘मुंबई १४’, बस्स. गंमत अशी की त्या सहा आकड्यांचं शेपूट म्हणजे तेच जुनं १४.

आजोबा तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. इराण्याच्या काचेवर मी छापील सूचना लावली होती, ‘येथे उधार मिळणार नाही’. “टिंबं कुठायत?” १९६२चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधी ‘येथें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’, ‘दुकानांत’ असंच जुळवत असत. उच्चार नसला तरी अनुस्वार हवाच. “ती टिंबं जुळवता जुळवता आमचे डोळे गेले, आणि तुम्ही एका रात्रीत उडवलीत,” म्हणाले. पेंटर लोक टिंबं गाळत, ते सोडा. पण छापखान्यातून आलेल्या कागदावर ती नसतील तर जाणता माणूस चटकन ओळखतो.

घरी येऊन सगळ्या पाट्या उपटल्या. त्या दिवसापासून एक वही ठेवलीय. लेआउटवर जाणाऱ्या प्रत्येक कागदाचं त्यात जन्मसाल लिहितो आणि मगच प्रिंटर चालू करतो. मागचं चालतं, पुढचं अजिबात चालत नाही. ५ नोव्हेंबर १९५१ला जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मध्य रेल्वे झाली, तरी ‘जी. आय. पी.’ अक्षरांची एखादी बिडाची पाटी १९५८च्या कोपऱ्यात गंजत पडलेली छान दिसते. पण ‘महाराष्ट्र राज्य’ ही अक्षरं १ मे १९६०च्या आधी कुठंच नकोत. त्याऐवजी भिंतीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहा. तेही ब्रशनं, वाकडंतिकडं. छापून चिकटवलंत तर घोषणेचा जीवच जातो.

भावाच्या पाटीवर ‘₹’ नको. ते चिन्ह २०१०चं आहे, फॉन्टात आयतं मिळतं म्हणून लोक ठोकून देतात. १ एप्रिल १९५७पासून नवे पैसे आले आणि काही वर्षं आणे-नवे पैसे दोन्ही चालले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, त्यामुळे दोन आण्यांसमोर, वरचा अर्धा सोडून, कंसात १२ न. पै. लिहिलं की पाटी लगेच त्या सालची वाटते.

आठ आकडी फोन नंबर नको. गाड्यांना ‘एमएच’ नको, तेव्हा नंबर ‘बीएम’नं सुरू होत. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण नंतरचा. दारूच्या दुकानाची पाटी तर नकोच, मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती.

आता माझ्या खास रागाची गोष्ट: चहाचं पाणी. कुणीतरी कुठंतरी सांगितलंय की कागद चहात बुडवला की ‘जुना’ दिसतो. अहो, १९५८चं वर्तमानपत्र आज पिवळं आहे कारण ते साठ-पासष्ट वर्षं माळ्यावर पडलंय. त्या दिवशी सकाळी ते इराण्याच्या टेबलावर करकरीत होतं! जुन्या अंकाचा स्कॅन घेतलात तर उलट त्यातला पिवळेपणा काढून टाका, पार करडा-पांढरा करा. जुनं दाखवायचं ते पोस्टर. एकावर एक तीन थर चिकटवा, वरच्याचा कोपरा नखानं फाडा, खालून मागच्या वर्षीचा सिनेमा डोकावू द्या. याला वेळ लागतो. ज्याला वेळ नाही त्यानं भिंत कोरी ठेवावी, कोरी भिंत खोटं बोलत नाही.

कागदाच्या जाडीचा विचार तर कुणी करतच नाही. साधा प्रिंटरचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याला ८७नं गुणा: जवळजवळ ९ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या भिंतीवर पोस्टर नाही, प्लायवूड लागलंय. मी छापलेला कागद काचेवर उलटा ठेवतो आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं मागून घासतो, बोटाला अक्षरं जाणवायला लागेपर्यंत. दहातले तीन फाटतात, म्हणून दहा छापायचे. कापल्यावर पांढरी कड पेन्सिलीनं काळवंडायची. इंकजेटची शाई पातळ फेव्हिकॉल लागला की पसरते, तेव्हा आधी मॅट लॅकरचा हलका फवारा.

मापाची चूक बहुधा प्रिंटरच करतो, ‘फिट टू पेज’वर ठेवलेला असतो म्हणून. ३० बाय ४० इंची सिनेमाचं पोस्टर १:८७ मध्ये ८.८ बाय ११.७ मिलिमीटरचं यायला हवं. मी प्रत्येक पानाच्या कडेला १०० मिलिमीटरची रेघ छापतो आणि पट्टी लावून बघतो. ९६ भरली तर पान रद्दीत.

आणि पाट्यांना कॉम्प्युटरचा फॉन्ट वापरू नका, म्हणजे नकाच. तेव्हा फ्लेक्स नव्हता, पाट्या पेंटरच्या हातच्या. एकाच पाटीवरचे दोन ‘र’ सारखे नसायचे. शिवाय फॉन्ट हिंदी वळणाचा निघाला तर ‘ल’ आणि ‘श’ लगेच परके दिसतात, आणि हल्ली प्रेक्षक फोननं झूम करून बघतात. मी पाटी ए-फोर कागदावर जाड ब्रशनं हातानं रंगवतो, फोटो काढतो, मग लहान करतो.

इराण्याच्या पाटीवर मराठी, इंग्रजी आणि गुजराती, तिन्ही ठेवलंय. मला गुजराती येत नाही, म्हणून नवीन पाटी छापायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या भाभींना दाखवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अक्षरं बरोबर आहेत हो, पण वरची रेघ कशाला काढलीत?”