दोघींची एक वही : मैत्रिणीसाठी वही शिवण्याची आणि ती चालती ठेवण्याची रीत

शेजारून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान त्यात चिमूटभर साखर तरी घालायची, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी घरी पाहिलेली आहे. माझी एक मैत्रीण नाशिकला राहते व कविता लिहिते. मी पुण्यात राहते व चित्रे काढते. गेली सहा वर्षे आम्हा दोघींमध्ये हाताने शिवलेली एक वही ये-जा करते आहे, आणि ती चालते ती याच रीतीवर. अशी वही कशी शिवावी आणि पहिल्या फेरीनंतर ती कपाटात पडून राहू नये म्हणून काय करावे, ते येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी कागदाचा विचार करावा. वही भेट देताना आपण मुखपृष्ठाला भुलतो, पण लिहिणारीचा रोजचा संबंध येतो तो कागदाशी. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आहे, दौलताबादजवळ कागझीपुऱ्यातही हातकागद तयार होतो. सुती चिंध्यांपासून केलेल्या या कागदाचा पोत असा असतो की हात फिरवताच तो घ्यावासा वाटतो. माझी पहिली वही मी अशाच जाडसर, मऊ हातकागदाची केली. मैत्रीण शाईच्या पेनाने लिहिते, हे मला ठाऊक होते, पण कागद निवडताना ते माझ्या मनात आले नाही. वही परत आली तेव्हा पहिल्या दोन ओळी शाईच्या, फुटलेल्या, आणि पुढची सारी कविता पेन्सिलीने लिहिलेली होती. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला मात्र ती दोन ओळींची शाई अजून दिसते. म्हणून कागद घेण्यापूर्वी त्याचा एक तुकडा मागून घ्यावा, मैत्रीण वापरते त्याच प्रकारच्या पेनाने त्यावर चार शब्द लिहावेत, आणि ते वाळल्यावर रेषेच्या कडा व मागची बाजू दोन्ही पाहाव्यात. हातकागदातही शाई न फुटणारा, लेप दिलेला कागद मिळतो; तो मागून घ्यावा लागतो.

लेखनासाठी १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद पुरेसा होतो, जलरंगाच्या हलक्या हातासाठी निदान २०० जीएसएम लागतो. दोघींपैकी एक लिहिणारी आणि एक रंगवणारी असेल, तर दोन्ही कागद एकाच वहीत घालावेत. मी चार पातळ आणि दोन जाड ताव घेते, प्रत्येक ताव मधोमध दुमडून एकात एक बसवते; सहा तावांची २४ पाने, म्हणजे पृष्ठे, होतात. वर्षभराच्या देवाणघेवाणीला एवढी पुष्कळ झाली. जाडजूड वही देण्याचा मोह टाळावा, कारण शंभर कोऱ्या पानांचे समोरच्या माणसाला ओझे होते.

दुमडताना कागदाच्या तंतूंची दिशा पाहावी. बाइंडर तिला ग्रेन म्हणतात. ताव न मोडता आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून पाहिला की एका दिशेने तो सहज वळतो, दुसऱ्या दिशेने विरोध करतो. घडी सहज वळणाऱ्या दिशेने घालावी, म्हणजे पाने उघडताना ताठ उभी राहत नाहीत. कार्यालयात वापरतात तो ए-४ कागद मधोमध दुमडला की बहुधा तंतूंच्या आडवी घडी पडते, म्हणून मोठा ताव आणून तो हवा तसा कापून घेणे चांगले. हातकागदाला ही अडचण फारशी नाही, कारण त्याचे तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात. घडीवरून स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून फिरवावी.

मुखपृष्ठाला मी खणाचा तुकडा वापरते. कापड थेट शिवले तर ते ढिले पडते, म्हणून मैद्याची पातळ खळ शिजवून, गार करून, तिने कापडामागे साधा कागद चिकटवावा आणि जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवावा. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने घरात त्याच्या वाटेला जाऊ नये.

शिवण अगदी सोपी आहे. दुमडलेले ताव मुखपृष्ठात बसवून घडीच्या रेषेवर आरीने किंवा जाड सुईने दोन्हींतून आरपार तीन भोके पाडावीत, एक बरोबर मध्ये आणि दोन टोकांपासून सुमारे तीन-तीन सेंटिमीटर आत. वहीच्या उंचीच्या तिप्पट जाड सुती दोरा घेऊन त्यावर मेण घासावे. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, बाहेरून वरच्या भोकात घालावी, आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून सरळ खालच्या भोकातून बाहेर काढावी आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणावी. आता दोऱ्याची दोन्ही टोके आत येतात. मधला लांब टाका त्यांच्यामध्ये ठेवून घट्ट गाठ मारावी. दोरा ओढताना नेहमी घडीच्या रेषेला समांतर ओढावा. आपल्याकडे सरळ ओढला की कागद फाटतो.

वही कोरी देऊ नये. पहिले पान आपण भरावे, आणि तेही फार सजवून नव्हे. अतिशय देखणे पहिले पान दुसऱ्या पानावर लिहिणारीला घाबरवते. मी खिडकीतल्या कढीलिंबाच्या कुंडीचे साधे रेखाटन काढले होते आणि खाली एवढेच लिहिले होते की याला तीन दिवस पाणी घालायचे राहिले. तिने उत्तरादाखल पाण्यावर आठ ओळी लिहिल्या. त्या कवितेतली एक प्रतिमा पुढच्या फेरीत माझ्या रंगात आली. अशा वहीत ‘छान’, ‘अप्रतिम’ असे शेरे लिहिण्यापेक्षा कामाला कामानेच उत्तर द्यावे. कौतुक फोनवर करता येते.

मागणे करावे, पण त्यात मोकळीक ठेवावी. १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल येथे राहणाऱ्या चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने त्याच देशातल्या ब्रिटनी प्रांतात असलेल्या पॉल गोगँ आणि एमिल बर्नार या चित्रकार मित्रांना एकमेकांची व्यक्तिचित्रे काढून पाठवण्यास सुचवले होते. जपानी चित्रकार आपापसांत चित्रांची अदलाबदल करतात, या कल्पनेने तो भारावलेला होता. त्या दोघांनी आत्मचित्रे काढली आणि प्रत्येकाने आपल्या मागच्या भिंतीवर दुसऱ्याचा चेहरा दाखवला. व्हॅन गॉगनेही आपले आत्मचित्र गोगँला पाठवले. त्या तिघांचे पुढे काय झाले ते वेगळे, पण मागितले त्याहून निराळे आलेले ते उत्तर मला फार मोलाचे वाटते. ‘तुझ्या आजोळच्या विहिरीवर कविता लिही’ असे न लिहिता विहिरीचे चित्र काढून शेजारचे पान मोकळे सोडावे.

वही पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मगच पाकिटात घालावी आणि स्पीड पोस्टने पाठवावी. सोबत महागडी वस्तू मुळीच घालू नये. तिची परतफेड करण्याची चिंता सुरू झाली की वही मागे पडते. फार तर सुकलेले बकुळीचे फूल, एखादे जुने तिकीट, पेनाचे एक निब असे काही चालते.

एकदा वही तिच्याकडे आठ महिने राहिली. घरात आजारपण होते. मी वहीचे नावही काढले नाही, केवळ दर महिन्याला एक पोस्टकार्ड पाठवले, त्यावर एक छोटे चित्र आणि पत्ता, उत्तर मागणारा एकही शब्द नाही. वही आली तेव्हा ती सारी पोस्टकार्डे तिने आतल्या पानांना दोऱ्याने टाचलेली होती आणि प्रत्येकाच्या शेजारी त्या त्या महिन्याची एक ओळ होती.

भरलेली वही, जिने ती शिवली नाही, तिच्याकडे राहते आणि पुढची वही तीच शिवते. चौथी वही गेल्या आठवड्यात नाशिकहून आली. तिने कागद निवडताना माझ्या जलरंगांसाठी तीन जाड ताव घातले आहेत, आणि पहिल्या पानावर कढीलिंबाला आज पाणी घातले का, असे शाईने विचारले आहे.